खाकी रंगाचे किती रंग?

बालमित्रांनो, खाकी रंगाचे प्रकार किती? तुम्ही म्हणाल, "सर, हा काय प्रश्न झाला? खाकी म्हणजे खाकी! त्यात प्रकार कसले?"

पण मी तुमच्याएवढा होतो ना, तेव्हा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या खाकीचे अकरा प्रकार मोजून दाखवत असे. दाखवणार नाही तर काय? मी रोज खाकी गोधडीतच झोपत होतो! त्या गोधडीची ही गोष्ट. आणि तिच्यामुळे आमच्या वर्गात शिवल्या गेलेल्या दुसऱ्या एका गोधडीची.

आमचं गाव वरठी, भंडारा जिल्ह्यातलं. नागपूरहून रेल्वेनं गोंदियाकडे जाताना 'भंडारा रोड' नावाचं स्टेशन लागतं ना, ते आमच्याच गावात आहे. भंडारा शहर तिथून दहाएक किलोमीटर दूर, पण पाटीवर नाव मात्र त्याचं! लहानपणी आम्हा पोरांना या गोष्टीचा भारी राग यायचा. गावात पोलादाचा मोठा कारखाना आहे, आजूबाजूला धानाची शेती आहे. आणि बाजाराच्या रस्त्यावर एक लहानसं टेलरिंगचं दुकान होतं. ते माझ्या बाबांचं.

बाबांची खरी धांदल जून महिन्यात. शाळा उघडायच्या असत. त्या काळी आमच्याकडच्या शाळांचा गणवेश ठरलेला होता. मुलांना पांढरा शर्ट आणि खाकी चड्डी, मुलींना पांढरा ब्लाऊज आणि निळा स्कर्ट. बाबा रात्री बारा-बारा वाजेपर्यंत पायमशीन चालवत. त्या खडखडाटातच मला झोप लागायची. सकाळी दुकान झाडायला मी जायचो, तेव्हा टेबलाखाली चिंध्यांचा ढीग पडलेला असायचा. त्यात लाल नाही, गुलाबी नाही, फुलाफुलांचं तर काहीच नाही. नुसती खाकी, आणि खाकी, आणि खाकी! (निळ्या-पांढऱ्या चिंध्या आई वेगळ्या पिशवीत भरी. त्यांची उशीची खोळ व्हायची.)

मी तो ढीग उकिरड्यावर टाकायला निघालो की आई हात धरायची.

"कायले फेकतं रे? थंडीच्या दिवसात मांगशील मंग."

दुपारी जेवणं उरकली की ती ओसरीवर बसायची. खाली जुनं लुगडं अंथरायची, त्यावर जुन्या धोतराचे, चादरींचे थर, आणि सगळ्यात वर या खाकी चिंध्या जोडून केलेला पत्रा. मग लांब सुईत जाड दोरा ओवून कडेपासून धावदोरा घालायला सुरुवात. कडेनं एक फेरी, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, असं करत करत सुई मध्यावर पोचायची. एक गोधडी व्हायला दीड-दोन महिने सहज लागत.

आता गंमत ऐका. ती सगळी खाकी एकसारखी नव्हती! बाबांकडे शाळेच्या मुलांखेरीज आणखीही गिऱ्हाईक होतं. पोलीस, होमगार्ड, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, पोस्टमन, जंगल खात्याचे गार्ड. सगळेच खाकीवाले. पण कुणाची खाकी पिवळसर, कुणाची हिरवट, कुणाची पार तपकिरीकडे झुकलेली. नव्या कापडाच्या चिंध्या गडद. जुन्या पँटची उंची कमी करताना निघालेल्या चिंध्या मात्र धुऊन धुऊन, उन्हात वाळून फिक्या झालेल्या. सुती कापड लवकर विटतं. टेरिकॉटचा रंग पुष्कळ दिवस टिकतो. शिवाय एकाच गिरणीचं कापड असलं, तरी या खेपेचा रंग आणि मागच्या खेपेचा रंग यांत थोडा फरक पडतोच.

मी अंथरुणात पडून बोट फिरवायचो आणि म्हणायचो, "हा पोस्टमनकाकांचा. हा कंडक्टरचा. हा माझ्या वर्गातल्या पोराचा, त्याची चड्डी पहिल्यांदा चुकली होती तेव्हाचा." आमच्या गोधडीत अर्धं गाव झोपलेलं असायचं म्हणा ना!

'खाकी' हा शब्दही मला तेव्हापासून आवडतो. तो फारसीतून आला. 'खाक' म्हणजे धूळ, माती. धुळीच्या रंगाचं ते खाकी. १८४६ साली पेशावरच्या बाजूला हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्यानं 'गाइड्स' नावाची पलटण उभी केली. तिकडच्या धुळकट डोंगरांत पांढरेशुभ्र किंवा लालभडक कपडे घातलेला शिपाई लांबूनच दिसायचा. म्हणून या पलटणीला मातीत मिसळून जाईल अशा रंगाचे कपडे मिळाले. पुढे हा रंग फौजेतून पोलिसांकडे गेला, टपालवाल्यांकडे गेला, आणि फिरत फिरत आमच्या शाळेतल्या चड्डीपर्यंत येऊन पोचला.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आजही जरा जड जातं.

बारावी झाल्यावर मी डी.एड.ला गेलो. कॉलेज दुसऱ्या जिल्ह्यात होतं, म्हणून होस्टेलवर राहायचं. आईनं ट्रंकेवर गोधडी बांधून दिली. तीच, खाकी. खोलीत आम्ही चौघे. एकाकडे सोलापुरी चादर, एकाकडे वाघाचं चित्र असलेलं मऊ ब्लँकेट, एकाकडे नवीकोरी रजई. मी माझी गोधडी सोडली, तर एकानं विचारलं, "हे काय, पोतं आहे का?"

सगळे हसले. तो काही वाईट मुलगा नव्हता, सहज बोलून गेला. पण माझे कान तापले. मी चटकन म्हणालो, "हो ना! सामान बांधून आणायला घेतलं होतं." आणि ती गोधडी मी ट्रंकेखाली सरकवून दिली. दुसऱ्या दिवशी बाजारातून एक पातळ चादर विकत आणली. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे थंडी कशी पडते ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या चादरीत मी कुडकुडत निजायचो, आणि हातभर अंतरावर ट्रंकेखाली माझ्या आईची गोधडी पडलेली असायची.

जानेवारीत एका रविवारी बाबा न सांगता भेटायला आले. चिवड्याचा डबा घेऊन आले होते. खाटेवर बसले, इकडतिकडच्या गोष्टी बोलले. बोलता बोलता त्यांची नजर ट्रंकेखाली गेली. गोधडीला जमिनीची ओल लागून एक कोपरा काळा पडला होता.

बाबांनी ती बाहेर काढली. झटकली. घडी घातली आणि खाटेच्या पायथ्याशी ठेवली. म्हणाले, "खाली ओल लागते रे. वर ठेवत जा." एवढंच. मग घड्याळ बघितलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले.

बाबा मला रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

त्यानंतर मी शिक्षक झालो. आज मी जवळच्याच एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शिकवतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. पटावर चोवीस मुलं. कार्यानुभवाच्या तासाला काय करावं, असा विचार करताना मला गोधडी आठवली. मी मुलांना सांगितलं, "उद्या येताना घरून चिंध्या आणा. छान रंगीबेरंगी आणा बरं का!"

दुसऱ्या दिवशी वर्गाचा नुसता बाजार झाला. साड्यांचे काठ, परकराचे तुकडे, मखमल, चकाकणारी जर, काय काय नव्हतं! एक मुलगा मागच्या रांगेत गप्प बसला होता. दिवाळीनंतरच तो आमच्या शाळेत आला होता. आईवडील वीटभट्टीवर कामाला. त्यानं एक पिशवी पुढे ठेवली. शेजारच्यानं ती उलटी केली आणि ओरडला, "सर, याच्याजवळ तं एकच रंग आहे!"

वडिलांच्या आणि काकाच्या कामावरच्या जुन्या पँटचे तुकडे होते ते. खाकी, मातकट, तपकिरी. स्वच्छ धुतलेले, एकावर एक नीट रचलेले. वर्ग हसला. आणि मित्रांनो, मीही पटकन बोलून गेलो, "असू दे, उद्या दुसरे आण हं."

त्यानं काही उत्तर दिलं नाही. तुकडे पिशवीत भरले आणि पिशवी हळूच बसायच्या पट्टीखाली सरकवली.

ते सरकवणं मी पाहिलं, आणि माझ्या पोटात धस्स झालं. ट्रंकेखाली गोधडी सरकवणारे माझेच हात मला दिसले. फरक एवढाच, की या वेळी 'पोतं' म्हणणारा मी होतो.

त्या रात्री मी नियम बदलायचं ठरवलं. सकाळी फळ्यावर लिहिलं : 'प्रत्येकानं एकाच रंगाचा चौकोन करायचा. रंगीबेरंगी चालणार नाही.' सहा रंग ठरवले : लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा आणि मातीचा रंग. एका रंगाला चार मुलं. सहा चोक चोवीस. चिंध्या मात्र सगळ्यांच्या मिळून. ज्याला जो रंग हवा, त्यानं तो ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे मागायचा.

चिठ्ठ्या टाकल्या. मातीचा रंग निघालेल्या मुलांची तोंडं उतरली. पण तो रंग वर्गात एकाच पिशवीत होता! चार चौकोनांना छत्तीस तुकडे लागणार होते. त्यामुळे तिघा जणांना त्या मागच्या रांगेतल्या मुलाकडे जाऊन म्हणावं लागलं, "आम्हाले पन देशील का?" चौथी चिठ्ठी त्याचीच होती. हा योगायोग मी घडवून आणला होता. कसा ते विचारू नका!

मापं अशी. पुठ्ठ्याचा चार इंची चौकोन कापला, तो कापडावर ठेवून खडूनं आखलं आणि कापलं. असे नऊ तुकडे, तीन ओळींत तीन-तीन. शिवताना प्रत्येक कडेनं पाव इंच कापड आत जातं. म्हणजे चार इंचांचा तुकडा शिवून झाल्यावर साडेतीन इंचांचा उरतो. तीन तुकड्यांचे साडेदहा इंच. असे चार चौकोन रुंदीला म्हणजे बेचाळीस इंच आणि सहा चौकोन लांबीला म्हणजे त्रेसष्ट इंच. साडेतीन फूट रुंद आणि सव्वापाच फूट लांब गोधडी! हे गणित मुलांनी स्वतः फळ्यावर मांडलं. तरीही तिघांनी पावऐवजी अर्धा इंच कापड आत घेतलं आणि त्यांचे चौकोन नऊ-नऊ इंचांचेच झाले. "सर, माझा चौकोन आटला!" म्हणून एकीनं रडायला सुरुवात केली. उसवून पुन्हा शिवावे लागले.

दर शनिवारी मी बाबांना शाळेत घेऊन यायचो. त्यांचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली आहेत. तयार गणवेश मिळू लागल्यावर जूनची धांदल संपली, आणि हळूहळू नजरही मंदावली. मुलं त्यांना 'टेलरआजोबा' म्हणू लागली. बाबांनी पहिल्याच दिवशी एक युक्ती शिकवली. "एका रंगाच्या चिंध्या पसरा, अन् डोळे बारीक करून पाहा," ते म्हणाले. डोळे किलकिले केले की रंग पुसट होतो आणि फक्त गडद-फिकं तेवढं दिसतं. मग गडदाचा एक ढीग, फिक्याचा एक ढीग. चौकोनाचे चार कोपरे आणि मधला तुकडा गडद, उरलेले चार फिके. बस्स! एकच रंग असूनही चौकोन उठून दिसतो. सगळेच तुकडे सारख्याच गडदपणाचे घेतले तर नऊ तुकडे जोडूनही एकच सपाट फडकं वाटतं. आमच्या निळ्या गटातल्या एकाला हे पटत नव्हतं. त्यानं शाळेच्या निळ्या स्कर्टचे नऊ तुकडे जोडून पाहिले. मग स्वतःच म्हणाला, "दिसूनच नाही राहिलं सर, शिवलं का नाही शिवलं!"

आणखी एक भांडण झालं. मोरपंखी रंग कुणाचा? हिरवा गट म्हणे आमचा, निळा गट म्हणे आमचा. ओढाताणीत तुकडा फाटायची वेळ आली. बाबांनी तो तुकडा घेतला आणि हिरव्या चिंध्यांच्या मध्ये ठेवला. सगळी पोरं म्हणाली, "निळा दिसते!" मग निळ्या चिंध्यांच्या मध्ये ठेवला. "आता हिरवा दिसते!" तुकडा तोच, शेजारी बदलले. शेवटी अर्धा-अर्धा वाटून घेतला.

मुलांनी चौकोन करता करता रंगांची नावंसुद्धा गोळा केली. हिरव्यातच पोपटी, शेवाळी, पिस्ता, मेंदी. लालात डाळिंबी, किरमिजी, विटकरी, कुंकवाचा. 'विटकरी' लालात घ्यायचा की मातीत, यावर पुन्हा वाद! तेव्हा मागच्या रांगेतला तो मुलगा पहिल्यांदा आपणहून बोलला. "वीट कच्ची असते तवा मातीची असते, भाजली का लाल होते," तो म्हणाला. "अन् सगळ्या सारख्या लाल नाही होत. जिले जास्त आच लागली थे काळी पडते." वर्ग ऐकत राहिला. हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

त्याच महिन्यात आम्ही पवनीला सहलीला गेलो. पवनीही आपल्या भंडारा जिल्ह्यातच. १९६९-७० साली तिथे उत्खनन झालं आणि जगन्नाथ टेकडीवर फार प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. तिथे उभं राहून मी मुलांना चीवराची गोष्ट सांगितली. चीवर म्हणजे बौद्ध भिक्खूंचं वस्त्र. विनयपिटकातल्या 'महावग्ग' या भागात ही गोष्ट आहे.

भगवान बुद्ध एकदा राजगृहाहून दक्षिणगिरीकडे चालले होते. वाटेत मगध देशाची शेतं लागली. चौकोनी तुकडे, मध्ये बांध, बांधाला बांध मिळालेले. बुद्धांनी आनंदाला विचारलं, भिक्खूंची चीवरं अशी करता येतील का? आनंदानं कापडाचे तुकडे कापून, जोडून तसं चीवर शिवलं. बुद्धांनी त्याचं कौतुक केलं, आणि तेव्हापासून चीवर तसंच शिवलं जाऊ लागलं. टाकून दिलेल्या, धुळीत पडलेल्या चिंध्या वेचून केलेल्या चीवराला 'पांसुकूल' म्हणत. 'पांसु' म्हणजे धूळ. आता आठवा, 'खाक' म्हणजे काय सांगितलं होतं? तीही धूळच! वेगवेगळ्या घरच्या चिंध्या आल्या तरी त्या एकाच रंगात रंगवायच्या. झाडांची मुळं, लाकूड, साली, पानं, फुलं, फळं यांचा रंग. म्हणजे एकाच रंगाच्या कुळातले तुकडे जोडायची ही रीत अडीच हजार वर्षांइतकी जुनी.

परत येताना बसच्या खिडकीतून मुलं ओरडू लागली, "सर, चीवर! चीवर!" बाहेर आपल्याकडच्या धानाच्या बांध्या होत्या. धुऱ्यांनी एकमेकींना शिवल्यासारख्या. एखादी बांधी हिरवी, एखादी कापणी झालेली मातकट, एखादीत पाणी साचलेलं. रोज पाहिलेलीच जमीन, पण त्या दिवशी ती आम्हाला पसरलेल्या गोधडीसारखी दिसली.

फेब्रुवारी संपता संपता चौकोन तयार झाले. मातीच्या रंगाचे तीन पूर्ण झाले. चौथा त्या मुलाचा. त्यात शेवटचे दोन तुकडे जोडायचे राहिले होते. एका सोमवारी तो शाळेत आला नाही. मंगळवारी आला नाही. मी भट्टीवर जाऊन आलो, तर कळलं की काम दुसरीकडे मिळालं म्हणून रविवारी रात्रीच सगळं बिऱ्हाड ट्रकमध्ये बसून गेलं. कुठे, ते तिथे कुणाला नीट सांगता आलं नाही. त्याची पिशवी वर्गातच होती. तिच्यात अजून सात-आठ तुकडे शिल्लक होते. त्यानं पुढे लावायचे दोन वर काढून ठेवले होते, एक गडद, एक फिका.

ते दोन तुकडे कुणी जोडायचे, यावर वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ज्यानं पहिल्या दिवशी पिशवी उलटी केली होती, तोच उठला. "मी जोडतो," म्हणाला. टाके वाकडे-तिकडे आले, पण मी ते उसवू दिले नाहीत.

गोधडी आज शाळेत आहे. वर लाल ओळ, मग पिवळी, हिरवी, निळी, जांभळी आणि सगळ्यात खाली मातीची. पहिलीतलं एखादं पोर दुपारी पेंगायला लागलं किंवा कुणाला ताप भरला, की ती बाहेर निघते. त्या मुलाचा पत्ता मला अजून लागलेला नाही. हा अंक कुठल्यातरी गावात त्याच्या हाती पडला, तर त्यानं एवढं जाणावं की त्याचा चौकोन पूर्ण झाला आहे. खालच्या ओळीत, डावीकडून दुसरा.

आता माझ्या गोधडीचं काय झालं ते सांगतो आणि थांबतो.

शाळेतलं काम संपलं त्या संध्याकाळी मी बाबांना विचारलं, "त्या दिवशी होस्टेलवर तुम्ही मला काहीच का बोलला नाहीत?" बाबांना सगळं आठवत होतं. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या गोधडीच्या मधातला तुकडा माह्या शाळेतल्या चड्डीचा होता. तुह्या आजीनं जपून ठेवला होता. थे तुले सांगाचं म्हणूनच आलो होतो मी. मंग म्हटलं, आता राहू दे."

मी धावत आत गेलो आणि आईला विचारलं, "ती गोधडी कुठे आहे?"

आई हसली. जुनी गोधडी आपल्याकडे कुणी फेकत नाही, हे मी विसरलोच होतो. ती विरली की नव्या गोधडीच्या पोटात थर म्हणून घालतात. माझी मुलगी झाली तेव्हा आईनं तिच्यासाठी जी फुलाफुलांची गोधडी शिवली, तिच्या पोटात माझी खाकी गोधडी होती. सहा वर्षं माझी मुलगी तीच पांघरून निजत होती आणि मला पत्ता नव्हता!

त्या रात्री मुलगी झोपल्यावर मी गोधडीची कड चाचपली. एका जागी टाका निघाला होता. तिथून बोट आत घातलं तर जाडसर, खरबरीत कापड लागलं. टॉर्च लावून पाहिलं. फिकी खाकी होती. पोस्टमनकाकांची असावी.

बालमित्रांनो, तुम्हीही घरातल्या चिंध्या काढा आणि एक रंग निवडा. आधी सगळ्या धुऊन घ्या, म्हणजे कच्चा रंग असेल तर निघून जाईल आणि सुती कापड आटायचं तेवढं आटून घेईल. मग डोळे बारीक करून गडद-फिकं लावा आणि नऊ तुकड्यांचा एक चौकोन करा. शिवताना प्रत्येक तुकडा कुणाचा, ते आजीला विचारून घ्या. मी विचारलं, पण फार उशिरा.

निघालेला टाका मी तसाच ठेवला आहे. मुलगी मोठी झाली की तिला तिथून बोट घालून बघायला सांगणार आहे.